दाराच्या फटीतला पाट

मित्रांनो, मी ओकच्या लाकडाचा एक जुना पाट आहे. माझ्यावर कुणी जेवायला बसत नाही, उभं राहतं. ओसियेक शहरातल्या एका इस्पितळात पाठीची त्रिमितीय छबी घेतात. माणूस दर वेळी एकाच ढबीत उभा राहिला, तरच नवी छबी जुनीशी ताडता येते. म्हणून तंत्रज्ञ वेद्रानने माझ्यावर दोन पावलं कोरून घेतली. कितीतरी मुलं त्यांत पाय रोवून उभी राहिली, माझं कौतुक झालं. मग नवं यंत्र आलं, फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटल्या आणि मी भिंतीशी पडलो.

एका हिवाळ्यात तेना पुन्हा आली, सोबत काता आजी. पोरीचा कणा वाकत होता. वाक वाढला असेल तर शस्त्रक्रिया, असं डॉक्टर लोव्रिचबाईंनी आधीच बजावलं होतं. तेनाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आजीला दाराखालून वारा लागला. तिच्या लेखी सगळ्या दुखण्यांचं मूळ तेच! तिने मला उचलून फटीला लावलं.

"आणि मोजे काढायचे नाहीत हं! फरशीवर अनवाणी उभी राहिलीस तर मूत्रपिंडं गारठतील."

"बरं, राहू द्या मोजे, आजी," वेद्रान हसला.

जाड लोकरी मोज्यांत तेनाचे पाय पट्ट्यांवरून सरकले, खांदे आखडले. तशीच छबी घेतली गेली. मला ओरडावंसं वाटलं, पण लाकडाला कुठलं तोंड!

"वाढलाय," लोव्रिचबाई हळूच म्हणाल्या.

तेना रडली नाही. तिने आजीचा हात घट्ट धरला.

"माझी, या म्हातारीची, पाठ कापा," आजी म्हणाली, "तिची नको हो!"

बाईंनी माझ्यावर उभी असतानाची तिची जुनी छबी नवीवर ठेवली आणि त्या थबकल्या. "वेद्रान, हिची उभं राहण्याची ढबच जुळत नाही. तो पाट कुठाय?"

"दाराला लावलाय," आजी पुटपुटली. "वारा येत होता."

"अहो, वाऱ्याने कुणी मरत नाही!"

"माझी नणंद मेली!"

मला आणलं. तेनाची अनवाणी पावलं माझ्या खोबणीत बसली.

"गार नाहीये, आजी."

वेद्रानने तिला तीनदा उतरवलं, तीनदा चढवलं. तिन्ही छब्या एकमेकींशी जुळल्या. मग बाईंनी त्या जुनीवर ठेवल्या.

"होता तेवढाच आहे. शस्त्रक्रिया नको."

आजी मटकन खाली बसली आणि आपल्या रुमालाने मला पुसू लागली. मला भरून आलं.

मित्रांनो, कुणाला वाकडं ठरवण्याआधी त्याला नीट उभं राहू द्या. आणि जुन्या वस्तूंना जपा.

पुढच्या खेपेला आजीने दारासाठी घरून जुनं पांघरूण आणलं. मला मात्र तिने यंत्रापुढून कुणाला हलवू दिलं नाही.