गळ्यात पडून

"तुमी बाहेर थांबा," म्हणत प्रतिक्षानं धर्मसिंगला खोलीबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. माणूस एकटा असला की मोकळा बोलतो, हा तिच्या शिक्षणातला पहिला धडा होता.

समोर त्याची बायको पारुबाई बसली होती. पोटची लेक रुपा तापानं गेल्यापासून तिनं ना तोंडातून शब्द काढला होता, ना धड अन्न घेतलं होतं. असंच चाललं तर ही बाईही हातची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

दोन हजार चारचा उन्हाळा. हिंगोलीच्या त्या समुपदेशन केंद्रात प्रतिक्षा नवीच होती, पण कुणाला काय मानवतं हे तिला कळू लागलं होतं. शिक्षिका असलेल्या आशाबाईंपुढं नुसतं गप्प बसलं, की त्या आपसूक मन मोकळं करायच्या. हट्टा गावचा वैजनाथ मात्र त्या गप्प बसण्यानं वैतागायचा. "म्याडम, काय करू तेवढं सांगा," म्हणायचा. पहाटे उठायचं, भावाबरोबर शेतात जायचं, असं रोजचं काम नेमून दिलं तशी त्याची दारू सुटत चालली. पारुबाईवर तिनं दोन्ही उपाय करून पाहिले, पण बाई ढिम्म हलली नाही. प्रतिक्षा मनातून घाबरली होती.

तेवढ्यात दार ढकलून पारुबाईची थोरली बहीण निर्मलाबाई आत आली. ऊसतोडीला गेलेली त्यांच्या बंजारा तांड्यातली माणसं आदल्याच दिवशी परतली होती. रुपा गेली तेव्हा मागं तांड्यात बायामाणसं नव्हतीच.

"बाई, हितं एकट्यानंच बसायचं असतं," प्रतिक्षा म्हणाली.

"एकटी कशी रडंल ती? आमच्यात गळ्यात पडल्याबिगर रडणं न्हाई."

प्रतिक्षा बाजूला झाली.

निर्मलाबाईनं बहिणीच्या गळ्यात हात टाकले आणि सूर लावला. रडणंच ते, पण चालीवर. एक ओळ म्हणायची, थांबायची, वाट पाहायची, पुन्हा म्हणायची. आणि मग पारुबाईचा आवाज फुटला. रुपाचं बाळपण, तिचा ताप, ओस पडलेला तांडा, वेळेवर न मिळालेली जीप, सगळं ती गाऊन सांगू लागली. बोली बंजाऱ्यांची गोरमाटी, प्रतिक्षाला अर्धीमुर्धीच कळत होती, तरी तिच्या अंगावर काटा आला. गप्प राहून ऐकणं इथं होतं, ओळीमागून ओळ उचलायचं नेमून दिलेलं कामही होतं, आणि दोन्ही एकाच सुरात. केवढं मोठं होतं हे सगळं! ती भिंतीला टेकून नुसती बघत राहिली. दारात धर्मसिंग डोळे पुसत होता.

हळूहळू सूर निवला. ओढणीनं तोंड पुसून पारुबाई म्हणाली, "भूक लागून राहिली."

निर्मलाबाईनं फडकं सोडून भाकरी पुढं केली. पारुबाईनं पहिला तुकडा मोडला आणि रुपाच्या नावानं बाजूला ठेवला. दुसरा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली.