टीव्हीवरची हळद

चारुता दूध बघायला आत गेली आणि तेवढ्यात दीड वर्षाच्या मिहिरने टेबलाखाली लोंबणारी वायर धरून मॉनिटर खाली ओढला. काच फुटली नाही. फक्त पडद्यावरच्या नवरीच्या चेहऱ्यावर काळा डाग पसरत गेला, शाई सांडावी तसा. स्वतःच्या पराक्रमाने घाबरून मिहिर रडायला लागला. तिने आधी त्याला उचललं, मग मॉनिटरला.

चारुता लग्नाचे अल्बम जुळवते. लग्नाआधी ती हिंगणघाटला रजतच्या स्टुडिओत बसून काम करायची. मिहिर झाल्यावर समुद्रपूरला सासरी राहूनच करते म्हणाली, तेव्हा रजत म्हणाला होता, "ताई, हे काम घरून होत नाई. एक अल्बम देऊन पाहतो. जमला तर पुढचे देईन, नाई जमला तर मले बोल लावू नका."

हा तोच एक अल्बम होता.

मॉनिटर दुरुस्त होऊन यायला वेळ लागणार होता. समोरच्या खोलीत टीव्ही होता. नवऱ्याने, अभिरामने, एके काळी गेम खेळायला घेतलेल्या कॉम्प्युटरात ग्राफिक्स कार्डही होतं. अडचण सासूबाईंची होती.

"आई, दुपारचा टीव्ही मले द्या न. संध्याकाळी तुमचा."

भागीरथाबाई वाती वळत होत्या. "दुपारी माही मालिका दुसऱ्यांदा लागते."

"रात्री पाहिलेलीच न?"

"रात्री काय झालं ते समजाले दुपारी पाहा लागते." मग नातवाकडे पाहून म्हणाल्या, "घे बाप्पा. तुह्या लेकाचाच प्रताप आहे, नाई कसं म्हणू!"

टीव्ही भिंतीला चिकटून होता. मागच्या एकाच भोकापर्यंत हात पोचत होता आणि त्यात सेट-टॉप बॉक्सची केबल होती. चारुताने तीच केबल बॉक्समधून काढून कॉम्प्युटरच्या पाठीत खोचली. टीव्हीवर 'सिग्नल नाही' आलं. तिने अभिरामला फोन लावला. तो जाम गावच्या कारखान्यात ड्युटीवर होता.

"वर लावली का खाली?" तो म्हणाला.

"वर."

"तिथं काई नाई येत. खाली आडवी पट्टी आहे न, ते कार्ड. त्याच्यात लाव."

खालच्या भोकावर काळं रबरी टोपण होतं. तिने ते काढून बाजूला ठेवलं, आणि केबल बसेपर्यंत ते मिहिरच्या तोंडात गेलं. बोट घालून टोपण काढलं, त्याचे गाल पुसले आणि वर पाहिलं, तर भिंतीवर हळद लागलेली नवरी बसली होती, जवळजवळ खऱ्या माणसाएवढी.

"बाई बाई, केवढी व पोरगी!" भागीरथाबाई म्हणाल्या. "हळद कशी छान चढली!"

चारुताला मात्र हळद फार वाटली. करवल्यांचे चेहरे लालभडक, नवरीचे हात झेंडूसारखे. फोटो काढणाऱ्यानेच रंग चढवलेत, असं तिने ठरवून टाकलं. दुपारी मिहिर झोळीत झोपला की झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची, पायाने झोका द्यायचा आणि हाताने पानामागून पान पिवळा उतरवायचा, लाल उतरवायचा. पोरगं कुशीवर वळलं की दोरीला हिसका बसे. ती थांबे, श्वास ऐके आणि पुन्हा सुरू होई.

रजतने नमुन्याची दोन पानं छापली आणि स्वतःच घेऊन आला. बाजेवर पसरून म्हणाला, "ताई, हे लग्न आहे का दवाखाना? नवरी तापातून उठल्यावानी दिसून राह्यली. हळद गेली कुठं?"

"टीव्हीवर पाहा न भाऊ. चांगलं दिसते."

त्याने टीव्हीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. "मले काय टीव्ही छापायचा आहे? सोमवारी नीट पानं द्या. नाई तं मी दुसऱ्याले देतो."

तो गेल्यावर तिने रिमोट घेतला आणि रंगांची सेटिंग उघडली. रंग अगदी शेवटच्या टोकाला. उजेडही तिथेच. तिने दोन्ही मध्यावर आणले. आता टीव्हीवरची नवरीही आजारी दिसली, हुबेहूब कागदावर होती तशी. मूळ फोटो तसेच ठेवलेले होते, तेवढं बरं. तिने पहिल्या पानापासून सुरुवात केली.

संध्याकाळी केबल परत बॉक्सला गेली. भागीरथाबाई मालिकेसमोर बसल्या आणि लगेच ओरडल्या. "काऊन व चारू, टीव्ही बिघडवला का तुनं? सारं धुरकट दिसून राह्यलं."

"आई, रंग तुम्ही वाढवला होता?"

"कमी दिसे, तं एक डाव दाबो. मंग अजून कमी दिसे, तं अजून एक डाव."

"कधीपासून?"

"मागच्या कापूस वेचणीपासून असंल."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"मले वाटलं टीव्ही म्हातारा झाला. त्याचं काय सांगा लागते!"

चारुताने फोनचा उजेड त्यांच्या डोळ्यांवर धरला. दोन्ही बुबुळांत ताकासारखं पांढुरकं काहीतरी होतं. तिने रंग पुन्हा टोकाला नेला आणि रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत खाली आणला.

सोमवारी पानं गेली. रजतचा फोन आला. "आता लग्न वाटते, ताई. आंजी गावचं एक लग्न आहे, घेता का?"

"पाठवा," ती म्हणाली, आणि फोन ठेवून झोळीची दोरी उगाचच एकदा ओढली.

पुढे सेवाग्रामच्या दवाखान्यात सासूबाईंच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर भागीरथाबाई टीव्हीसमोर बसल्या. चारुताने सवयीने रंग वाढवला.

"अव, हे काय भडक करून ठेवलं! बाया आहेत का भूतं?"

"तुमचेच रंग आहेत, आई."

"मले नाई पाहिजे. दुपारी तू ठेवते न, तेच राहू दे." मग मिहिरला ओढून मांडीवर घेतलं आणि त्याची हनुवटी वर केली. "याले इथं तीळ आहे? मले कोणी सांगितलंच नाई."

दुसऱ्या दुपारी मालिका नव्हती, तरी त्या येऊन बसल्या. भिंतीवर आंजीची नवरी होती.

"हिले हळद कमी आहे. तुनं उतरवली का?"

"नाई आई. हिले कमीच लावली होती."

त्यांनी मान पुढे काढून पुन्हा नीट पाहिलं.

"हो. कमीच लावली," त्या म्हणाल्या.