हवालदार पुंजारामची बॅगपाइप

अख्ख्या अकोटात आपली बॅगपाइप ऐकायच्या लायकीचा एकही माणूस नाही, असं निवृत्त हवालदार पुंजारामचं ठाम मत होतं. चोवीस वर्षं फौजेच्या बँडमध्ये वाजवलेला गडी! लग्नाचं बोलावणं आलं की म्हणायचा, "घोड्यापुढं नाचणाऱ्याईले डीजे पुरते. त्यायच्यासाठी मी गाल फुगवू?" जयंतीच्या मिरवणुकीलाही त्यानं नाक मुरडलं. सहा वर्षं बॅगपाइप लोखंडी पेटीत पडून होती. पाहुणे आले की तेवढी दाखवायला निघे.

सगळ्यात जास्त दातओठ खायचा तो अमरावतीच्या ललितवर. या ललितनं राजापेठेत 'मिलिटरी बँड' काढला होता. चौकड्याच्या पडद्याचे घागरे नेसून सहा टोणगे काखेत बॅगपाइपा धरून चालायचे, आणि वाजायचा मागच्या हातगाडीवरचा स्पीकर. फुंकायचं कोणीच नाही. "बुजगावणे साले," पुंजाराम म्हणे.

बंडू गेल्याचा फोन आला तेव्हा मात्र त्याला रडू आवरेना. बंडू त्याच्याच बँडात ड्रम वाजवायचा. वीस वर्षं दोघं एका रांगेत चालले. मागच्या महिन्यात दवाखान्यात बंडूनं त्याचा हात धरला होता. "पुंज्या, मले पोचवाले तू वाजवशीन ना?"

"वाजवीन," पुंजारामनं शब्द दिला होता.

पेटी घेऊन तो पहिल्या एसटीनं अमरावतीला पोचला, तर बंडूच्या दारात ललितची पलटण उभी. बंडूच्या पोरानं, नितेशनं बोलावलेली.

"हे बाहुले काहून आणले रे?"

"तुमी येता का नाई, मले मालूम नोतं काका," नितेश म्हणाला.

ललित हात जोडून पुढं आला. "तुमीच वाजवा काका. आमी मांगून चुपचाप चालतो."

"पयले चालनं तं शिकून या," पुंजारामनं त्याला झाडलं.

मग घराच्या आडोशाला जाऊन त्यानं पेटी उघडली, पिशवी काखेत घेतली आणि फुंकलं. हवा शिवणीतून फस्सकन निघून गेली. ही कातडी पिशवी माणसाच्या श्वासाच्या ओलाव्यावर टिकते. दर आठवड्याला फुंकली नाही तर सुकून तडकते. नव्या पोरांना ही गोष्ट पुंजारामनंच छडी मारून शिकवली होती. आणि वऱ्हाडाचे सहा उन्हाळे स्वतः या शहाण्यानं एकदाही फुंकली नव्हती, कारण ऐकायला कोणी लायकच नव्हतं ना! पुन्हा फुंकलं, पुन्हा फुंकलं. घामानं सदरा भिजला, पण आवाज काही निघेना.

तिकडे तिरडी उचलली, तसा तो पिशवी काखेत धरून पुढं आला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. ललितची नजर तडकलेल्या पिशवीवर गेली. त्यानं हातगाडीवाल्याला खूण केली. स्पीकरमधून बॅगपाइप वाजायला लागली.

पुंजारामनं रिकामी पिशवी काखेत दाबली, गाल फुगवले आणि स्मशानापर्यंत मुक्या नळीवर बोटं नाचवत चालला. जिवाभावाच्या दोस्ताला त्यानं असं पोचवलं.

परत आल्यावर बंडूची बायको जमुना रडत त्याच्यासमोर आली. "भाऊजी, तुमी होते म्हून बरं झालं. नाईतं या नकली बँडवाल्याईनं त्यायच्या शेवटाची माती केली असती."

ललित तिथंच, दोन हातांवर, स्पीकरची वायर गुंडाळत होता. त्यानं मान वर केली नाही.

पुंजारामनं घसा खाकरला.

"हो ना वयनी," तो म्हणाला, "या लोकायले काय येते?"