तेलाचा तिसरा हात

समजा, तुमच्या हातात तेलात बुडवलेली चिंधी आहे. पिळलेली, बरं का, ठिबकणारी नाही. समोर दोरीवर जाड सुती कोट टांगलाय आणि शेजारी उभे असलेले आजोबा म्हणतायत, "हळू घास. कापडाला भूक असेल तेवढंच पाजायचं. जास्त झालं की ते वाळत नाही, चिकटत राहतं."

आता तुमच्या जागी एक मुलगी उभी करा. आजोबांच्या मागे मागे फिरायची, म्हणून तिचं नाव शेपटी पडलं होतं. आजोबांना सगळे आबा म्हणत. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणाऱ्या बोटीवर ते दोर टाकायचं काम करत. बोट धक्क्याला लागता लागता दोराचा फास खुंटावर नेमका बसवायचा, तोही वाऱ्यापावसात. दोर धरणाऱ्याला छत्री धरता येत नाही. कोट हेच त्याचं छप्पर.

त्या कोटाचे लाड फार. तो पुसायचा तो थंड पाण्यानेच. गरम पाणी आणि साबण अजिबात नाही, कारण कापडात मुरलेलं तेल त्यांनी निघून जातं. घडी घालायची नाही, घडीवर तो चिरतो. हवेशीर सावलीत टांगून उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यायचा. तो पुरता वाळला की दुसरा, मग तिसरा. वापरलेल्या चिंध्यासुद्धा बोळा करून टाकायच्या नाहीत, पसरून वाळवायच्या. बोळा आतल्या आत तापून पेट घेतो.

"कपड्याला इतकं कोण जपतं?" शेपटीने विचारलं.

"कपडा कसला, भागीदार आहे माझा," आबा म्हणाले. "कधी रजासुद्धा मागत नाही."

त्या वर्षी तिसरा हात आबांनी शेपटीलाच द्यायला लावला. खांदे, पाठ, बाह्यांच्या शिवणी. वाळल्यावर कोट मागच्या पडवीत टांगला गेला आणि पावसाळी वारं सुटलं त्या दिवशी आबा घाईघाईत तो अंगात चढवून कामावर गेले.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा दात वाजत होते. सदरा पाठीला चिकटला होता. कोटाखाली कोरडं असं काही नव्हतंच.

"सगळे हसले गं," खुर्चीत बसत ते म्हणाले. "तिकीटवाली म्हणते, आबांच्या आधी आबांचा कोटच निवृत्त झाला! बोट चालवणारा सारंग मात्र हसला नाही. तो नुसता बघत होता. दोर दोनदा चुकला माझा, बोटं गारठली होती."

"पण आबा, आपण तर तीन हात दिले!"

"दुसरा वाळायच्या आधी तिसरा दिला असणार. नाहीतर तेलच कच्चं आणलं मी. आठवतच नाही." त्यांनी तळहात उलटेपालटे करून पाहिले. "उद्या सारंगाला सांगून टाकतो. ज्याला आपला कोट राखता येत नाही, त्याने लोकांनी भरलेल्या बोटीचा दोर धरू नये."

तिसरा हात तर शेपटीने दिला होता. ती पडवीत गेली आणि ओल्या कोटावरून हात फिरवू लागली. कापड गोणपाटासारखं खरखरीत लागत होतं. तिने नाक लावलं. तेलाचा वास नव्हताच. खिशात बोटं घातली तर शिवणीत पांढरा, बुळबुळीत गोळा. कपडे धुवायचा साबण.

घरात कपडे धुवायचा तो शेपटीचा बाबा, आबांचा मुलगा.

तो स्वयंपाकघरात भांडी पुसत होता. शेपटीने मूठ उघडून दाखवली. बाबाने आधी दाराकडे पाहिलं.

"हळू बोल."

"तू धुतलास?"

"गेल्या वर्षी धक्क्यावर घसरले होते ते, माहितेय ना? किती वेळा सांगितलं, आता पुरे. ऐकतात कुणाचं? म्हटलं, कोट गळला की आपणच घरी बसतील. भांडण नको, काही नको."

"गरम पाण्यात?"

"हो. सोडा घालून."

"तुला काय माहीत, त्याने तेल जातं ते?"

बाबा भांडं पुसतच राहिला. ते कधीच कोरडं झालं होतं.

"तुझ्याएवढा होतो तेव्हा त्यांनीच शिकवलं," तो म्हणाला. "त्यांच्या भल्यासाठीच केलं, बाळा. तू बोलू नकोस."

"आबांना वाटतंय त्यांचंच डोकं चालत नाही."

"वाटू दे. निदान जीव तरी वाचेल."

शेपटी बाहेर आली आणि साबणाचा गोळा तिने आबांच्या तळहातावर ठेवला. मग पडवीतल्या कोटाकडे बोट केलं. आबांनी तो हुंगला, बोटांत चुरला. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. त्यांनी त्या दाराकडे पाहिलं.

"म्हणजे तेल पक्कंच होतं," ते म्हणाले. "तुझा हातही नीट बसला होता."

"हो, आबा."

"माझंच चुकलं असतं तर बरं झालं असतं गं."

त्या घरात त्या संध्याकाळी आरडाओरडा झाला नाही. जेवताना बाबाने "आबा, वाढू का अजून?" असं विचारलं आणि आबांनी ताटावर हात आडवा धरला, एवढंच.

सकाळी बारीक पाऊस होता. आबांनी एकावर एक दोन सदरे घातले आणि ते कामावर निघाले. बाबा आपला नवा प्लास्टिकचा रेनकोट घेऊन दारापर्यंत धावला.

"आबा, हा तरी घ्या. भिजाल."

आबा वळले नाहीत. रस्त्याच्या कडेने, पाठ ताठ ठेवून ते चालत राहिले.

बाबा पायरीवर तसाच उभा होता, रेनकोट पुढे धरून. शेपटी दप्तर घेऊन बाहेर आली. रोज तो तिला शाळेत सोडायचा. सवयीने त्याने मोकळा हात पुढे केला.

शेपटीने त्याच्या दुसऱ्या हातातला रेनकोट घेतला आणि त्याच्याकडे न बघता ती आबांच्या मागे पळत सुटली.