दोन निळ्या स्लाइड्स

तिने निळं कापड भिंतीवर ताणून टाचण्यांनी बसवलं, शेजारी करड्या पुठ्ठ्याचा तुकडा लावला आणि लाइट मीटर पुन्हा एकदा कापडाजवळ धरला. काटा कालच्याच जागी थांबला. तरी तिने तीन फोटो काढले: एक मीटरच्या सांगण्याप्रमाणे, एक अंमळ कमी उजेडाचा, एक अंमळ जास्त. साध्या फिल्मवरची चूक प्रिंट काढताना सावरून घेता येते. स्लाइडच्या फिल्मचा प्रिंट काढत नाहीत, तीच उजेडावर धरून पाहतात; तिच्यावर जे पडलं ते पडलं. तिला या कामाची गोडी लागली ती त्यामुळेच, आणि धास्तीही त्याचीच होती.

कापड कारखान्याचं हे काम तिला मामामुळे मिळालं होतं. मामा रंगखात्याचा मास्तर. कापडाचे नमुने हाताळून, उन्हाने विटून जात, म्हणून प्रत्येक छटेची स्लाइड काढून अंधाऱ्या खणात जपून ठेवत. कढईतला रंग नमुन्याशी जुळला की नाही, हे मात्र मामाची नजर ठरवायची.

स्लाइड्स धुऊन आल्या. ती लाइटबॉक्सवर वाकली. एरवी हा क्षण तिच्या फार आवडीचा. खालून उजेड आला की इवल्याशा चौकटीतलं कापड आत्ताच भिजवल्यासारखं दिसायचं. आज तिने नव्या स्लाइडशेजारी गेल्या वर्षीची ठेवली. छटा एकच असायला हवी होती. जुना निळा शांत होता, नवा अंगावर येत होता. करडा पुठ्ठा दोन्हींत सारखाच करडा होता; उजेड किंवा फिल्म बदलली असती, तर तोही बदलला असता.

या निळ्याचा हा तिचा तिसरा रोल होता. तिने मामाला बोलावून घेतलं.

"परत नापास झालीस वाटतं?" मामा आत येत म्हणाला.

"झाले असेन. तूच बघून सांग."

"नाचता येईना, अंगण वाकडं! आधी फिल्म शिळी होती, मग लॅबचं पाणी खराब. आता काय?"

त्याने डावा डोळा मिटला, उजव्याला भिंग लावलं, दोन्ही स्लाइड्स पाहिल्या.

"सारख्याच तर आहेत. उगाच जीव टांगणीला लावून घेतेस."

तिने बॅग जवळ ओढली. तिच्या बॅगेत एक फिकट पिवळा फिल्टर होता. तो लावून चौथा रोल काढला असता, तर नवा निळा जुन्यासारखा दिसला असता. कुणी विचारलंही नसतं. उद्या मोठ्या मागणीचा सगळा माल याच रंगात पडणार होता.

"मामा, दुसऱ्या डोळ्याने बघ ना."

"त्याला सवय नाही गं," मामा हसला. पण त्याने भिंग डाव्या डोळ्याला लावलं.

मग तो हसला नाही. भिंग पुन्हा उजव्या डोळ्याला गेलं, पुन्हा डाव्याला. भिंगाची कड काचेवर हलकेच वाजत राहिली.

"हे दोन निळे वेगळे आहेत. यातली गेल्या वर्षीची कुठली?"

"ही, तुझ्या हाताजवळची."

मामाने मान डोलावली. उठून फोनपाशी गेला आणि रंगखात्याला लावला.

"उद्याचा निळा कालवू नका... नाही, यंत्राला काही झालेलं नाही. मी येऊन सांगतो."

फोन ठेवल्यावर तो तसाच पाठमोरा उभा राहिला.

"तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या रोलला."

"मग तिसरा कशाला काढलास?"

ती स्लाइडची चौकट बोटांत फिरवत राहिली. खुर्ची ओढून मामा लाइटबॉक्ससमोर बसला, उजवा डोळा तळव्याने झाकला आणि दुसरा हात तिच्यापुढे केला.

"खणातून बाकीच्या छटा काढ," तो म्हणाला. "लाल आधी दे."