सुकट, फणस आणि रिकामा फुगा

मी एक कॉमिक बोलतोय. हसू नका. हसायचंच असेल तर आतली चित्रं बघून हसा, त्याचसाठी तर मी आहे! पण दुकानातल्या त्या गुळगुळीत, रंगीत कॉमिकांशी माझं नातं लावू नका. माझा जन्म झाला कळव्याच्या एका छापखान्यात, कापून उरलेल्या कागदांतून. तानाजीकाका तिथे बायंडिंग करतात. त्यांनी ते कागद सारखे केले, शिवले, वर पिवळा पुठ्ठा चढवला आणि मला आपल्या लेकीच्या, रुचिताच्या हातात दिलं.

रुचिताने मला उचललं ते थेट जागृतीच्या घरी नेलं. दोघी आठवीत, एकाच बाकावरच्या. जागृती पिढ्यान् पिढ्या कळव्याचीच. घर स्वतःचं, अंगाने मात्र अगदी काडी. रुचिताचं गाव कोकणात, आणि तब्येत खात्यापित्या घरची. त्यामुळे वाळवलेल्या बारीक मासळीवरून जागृतीचं नाव पडलं सुकट आणि रुचिताचं फणस. ही नावं फक्त दोघींची, तिसऱ्याला त्यात वाटा नाही. तीच माझी दोन पात्रं झाली.

चित्र जागृतीने काढायचं, पात्रांच्या डोक्यावर बोलण्याचे फुगे रिकामे सोडायचे, आणि ते रुचिताने भरायचे, असं ठरलेलं. रुचिताला साधी सरळ रेघ येत नव्हती आणि जागृतीला चार शब्द धड सुचत नव्हते. एकीवाचून दुसरीचं पान पुरं व्हायचंच नाही.

काय एकेक गोष्टी घडल्या माझ्यात! एकदा सुकट आणि फणस शिकवणी बुडवून पाणीपुरी खायला जातात, तर गाडीवर साक्षात शिकवणीच्या बाई! पण बाईंच्या तोंडात अख्खी पुरी, ओरडणार कशा? जागृतीने त्यांचे टम्म फुगलेले गाल काढले, रुचिताने फुग्यात नुसतं "म्म्म्म्!" लिहिलं, आणि दोघी पोट धरून लोळल्या. तेव्हा मला माझ्या कळकट पुठ्ठ्याचासुद्धा अभिमान वाटला होता.

मग तानाजीकाकांनी लांब, लोकलने जायच्या खडवलीला घर घेतलं. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जायचं, म्हणजे आनंदाचीच गोष्ट. या दोघी मात्र जिन्यात बसून रडल्या. शेवटी जागृतीच नाक पुसून म्हणाली, "अगं, काका रोज कामाला इकडेच येणार ना? मग ह्याला त्यांच्या पिशवीतून पाठवू. मी काढते, तू भर."

झालं, मी फिरतीवर निघालो. कळव्यात चित्र, खडवलीत शब्द. सुरुवातीला मजेत चाललं होतं. पण रुचिता एक दिवस मला मोठ्या हौसेने नव्या शाळेत घेऊन गेली. बिचारीला वाटलं, चार पोरं हसली की ओळखी होतील. पोरं हसली, खूप हसली. मग कुणीतरी विचारलं, "ह्यातली फणस कोण रे?" आणि सगळ्यांनी रुचिताकडे पाहिलं. मधली सुट्टी संपेपर्यंत चहूबाजूंनी "ए फणस!" सुरू झालं. एकाने तर तिच्या पाठीवर टकटक करून बघितलं, पिकलाय का म्हणून.

त्या दिवसापासून माझे फुगे रिकामे राहायला लागले. रुचिता मला उघडायचीच नाही, तसंच परत पिशवीत टाकायची.

तिकडे जागृतीला यातलं काहीच ठाऊक नाही. "रुसली वाटतं. थांब, हसवते तिला," म्हणाली आणि फणसाला आणखी जाड काढू लागली. फणस दारात अडकली, फणस बसली आणि झोपाळा तुटला. अगं बाई, नको गं, असं मी आतल्या आत ओरडत होतो. पण माझ्या अंगावर एवढे फुगे, त्यातला एकही माझा नाही! ऐकणार कोण? जागृती रोज मला घेऊन आधी शेवटचं पान बघायची, तर फुगे रिकामेच. मला दोघींच्या हसण्याची इतकी सवय झालेली, की ती शांतता मला सोसवेना.

शेवटी काकाच एकदा बोलले. "जागृती, राहू दे आता हे. शाळेत तिला सगळे फणस म्हणून चिडवतात. डबासुद्धा न खाता परत आणते पोर."

"पण काका, फणस तर मीपण म्हणते," जागृती म्हणाली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

त्या दिवशी ती जेवेना. तिच्या आईने, शालूकाकूंनी, तिच्या तोंडून सगळं काढून घेतलं. मग आपल्या आगरी बोलीत म्हणाल्या, "तुजे तोंडचा फनस तिला गोर लागं गो. समद्या शालेचे तोंडचा कसा गोर लागंल?" काकूंचं गोर म्हणजे आपलं गोड.

जागृतीने मला पुढ्यात ओढलं. या वेळी पानावर फणस नव्हती. नुसता एक बाक, आणि बाकाच्या मधोमध एकटी सुकट. डोक्यावर फुगा काढून ती पेन घेऊन बसली. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शब्द कधी सुचलेत तिला? फुगा रिकामाच ठेवून तिने मला काकांकडे दिलं.

खडवलीत मी टेबलावर पडून राहिलो. रुचिता येता-जाता माझ्याकडे बघायची, पण हात लावायची नाही. रविवारी मात्र तिने मला उघडलं. त्या पानावर, खोडून खोडून झिजलेल्या कागदावर तिने बोट फिरवलं. मग, काय सांगू तुम्हाला, तिने पेनाऐवजी पेन्सिल उचलली!

जन्मात पहिल्यांदा तिने चित्र काढलं. एक डोळा वर, एक खाली, वेणी केरसुणीसारखी, आणि अंगाने ही एवढी मोठी फणस. पण सुकट मधोमध बसलेली, म्हणून फणसाची अर्धी मांडी तिच्यावरच आली. ते बघून रुचिता रडता रडता फिसकन हसली. फणसाच्या डोक्यावर तिने स्वतः फुगा काढला आणि लिहिलं, "सरक गं सुकटे! फणसाला जागा लागते."

सुकटीचा फुगा तिने मुद्दाम कोरा सोडलाय. तो जागृतीनेच भरायचा.

मी आता काकांच्या पिशवीत आहे, डब्याला टेकून. कळवा स्टेशन आलंय. काका, तुमच्या पाया पडतो, आज रस्त्यात कुणाशी बोलत उभे राहू नका हो. बाक लहान आहे, आणि सुकटीला अजून पत्ताच नाही की शेजारी कोण येऊन बसलंय.