आठांपैकी आठ

कुंभकोणमच्या वेणुगोपाळरावांचा दिवस पंचांगाप्रमाणे सूर्योदयाला सुरू व्हायचा आणि दुसऱ्या सूर्योदयाला संपायचा. तारीख मध्यरात्री बदलते हे त्यांना ठाऊक होतं, पण पटलेलं नव्हतं. त्यामुळे युरोपातल्या क्लब फुटबॉलच्या बाद फेरीचे अंदाज पाठवताना एक छोटीशी अडचण यायची. घरच्या स्पर्धेचा नियम असा की मंगळवारच्या सामन्यांचे अंदाज मंगळवारीच पाठवायचे, बुधवारच्यांचे बुधवारी. सामने आपल्याकडे रात्री दीडला सुरू होतात आणि साडेतीनच्या सुमारास आटोपतात. वेणुगोपाळराव साडेचारला उठायचे, स्नान करायचे, वहीत अंदाज लिहायचे आणि सहाच्या आत फोनवरून पाठवायचे. मंगळवार तेव्हा अजून शिल्लक असायचा.

म्हणजे सामना संपून दोन तास झाल्यावर ते त्याचा अंदाज बांधत. निकाल आधी पाहायचा नाही असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं, आणि स्वतःवर त्यांची सक्त देखरेख होती. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं आणि परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून हिंडताना पोरांच्या बाह्या उलगडून पाहिल्या होत्या. अशा माणसाच्या शब्दावर संशय घेण्याचं कुणाला कारण नव्हतं. शिवाय ते नेहमी हरायचे.

स्पर्धेत तिघेच होते: वेणुगोपाळराव, रॉटरडॅमला नोकरी करणारी त्यांची मुलगी स्फूर्ती आणि जवळच साक्कोट्टैला राहणारा चुलतभाऊ तुकोजी. पाच वर्षं वेणुगोपाळराव तिसरे येत होते. मागच्या रविवारी तर तुकोजीने सगळ्यांसमोर सुचवलं की अण्णाला लहान मुलांच्या गटात घालावं. वेणुगोपाळराव हसले होते. रात्री मात्र ते जेवले नाहीत, पोट ठीक नाही म्हणाले. त्यांच्या पत्नी वेदवतीबाईंनी वाढलेलं ताट उचललं.

आणि मग शेवटच्या सोळा संघांच्या फेरीत आठ लढतींचे आठही अंदाज बरोबर आले.

तुकोजीने ग्रूपवर नुसता एक घड्याळाचा फोटो टाकला. स्फूर्तीने लिहिलं, "अप्पा, खरें सांगा. निकाल पाहून पाठवलेंत ना?" पुढे हसणारा चेहरा होता. वेणुगोपाळरावांना त्या चेहऱ्याचा फार राग आला. परकं कुणी म्हणालं असतं तर त्यांनी सोडून दिलं असतं, पण ही त्यांची मुलगी होती, आणि तिने कॉपी केल्याचं त्यांना म्हटलं होतं. ते मनातून दुखावले.

दर फेरीनंतरच्या रविवारी आढावा व्हायचा. घरापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, तुकोजी येऊन बसायचा, आणि स्फूर्ती फोनमधून, तांब्याला टेकून. आढाव्याचा नियम वेणुगोपाळरावांनीच घातला होता: उत्तर बरोबर आलं तरी रीत दाखवायची. अंदाज कशावरून बांधला हे सांगता आलं नाही, तर गुण मिळणार नाही.

त्या रविवारी ते धुतलेलं धोतर नेसून, वही घेऊन बसले. आधी बचाव. वहीत गेल्या पाच वर्षांतले एकशे सात चुकलेले अंदाज होते, ते त्यांनी एकेक करून वाचायला घेतले. क्लबांची नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून ते सदऱ्याच्या रंगावरून बोलत. लाल इंग्रज चार गोलांनी हरले, तेव्हा ते जिंकतील असं त्यांनी लिहिलं होतं, आणि तेही हरून दोन तास झाल्यावर. पट्ट्यांचे इटालियन पहाटे साडेतीन वाजता बाहेर पडले होते, त्यांना पाच वाजता यांनी अंतिम फेरीपर्यंत पोचवलं होतं. निकाल पाहून लिहिणारा माणूस असं लिहील का, एवढंच त्यांचं विचारणं होतं. आपल्या चुका इतक्या अभिमानाने वाचणारा माणूस तुकोजीने पूर्वी पाहिला नव्हता. साठाव्या चुकीला त्याने हात जोडले. स्फूर्तीने माफी मागितली, आणि ती मनापासून होती. वेणुगोपाळरावांचे डोळे भरून आले, ते त्यांनी चष्मा पुसण्याच्या निमित्ताने पुसले.

तिथे थांबले असते तर चाललं असतं. पण रीत बाकी होती.

पहिल्या पाच लढतींची रीत झरझर झाली. घरच्या मैदानावरचा सामना, पहिल्या सामन्यातली आघाडी, गोलरक्षकाचा दुखरा गुडघा. सहाव्या लढतीला ते थबकले. वहीत आधी पिवळ्या जर्मनांचं नाव होतं. ते खोडून त्याखाली पांढऱ्या स्पॅनिशांचं लिहिलं होतं. सातवीला खोडलेलं, आठवीलाही खोडलेलं. का खोडलं, ते त्यांना आठवेना.

मग आठवलं. लिहिलेला अंदाज मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती. पिवळे जर्मन म्हणताच कॉफी घेऊन आलेल्या वेदवतीबाई खोकल्या होत्या. ते थांबले, पुन्हा विचार केला, खोडलं. नवं नाव वाचलं तेव्हा खोकला नव्हता. दोन पहाटांत ती तीन वेळा खोकली होती. पहाटे दारात कोलमची रांगोळी काढताना गारठा बाधला असेल म्हणून त्यांनी स्वतः मिरी कुटून तिला दोन दिवस काढा पाजला होता, आणि तिने तो तोंड वाकडं न करता घेतला होता.

त्यांनी दाराकडे पाहिलं. उंबऱ्याआड वेदवतीबाई उभ्या होत्या. हातात त्यांचा स्वतःचा फोन होता. त्यांनी तो पदराखाली घेतला. बाहीत चिठ्ठी सारणारी पोरं अगदी तशीच हालचाल करत.

वेणुगोपाळरावांनी लाल पेन उघडलं, आठ या आकड्यावर काट मारली आणि शेजारी शून्य लिहिलं.

"कॉपी झाली आहे," ते म्हणाले.

तुकोजीला हसावं की काय ते कळेना. स्फूर्ती फोनमधून म्हणाली, "कोणाची, अप्पा?"

चौतीस वर्षांत वेणुगोपाळरावांनी हा प्रश्न शेकडो पोरांना विचारला होता, आणि नाव सांगितल्याशिवाय एकालाही हॉलबाहेर सोडलं नव्हतं. नाव न सांगणारी पोरं त्यांना तेव्हा उद्धट वाटायची.

"परीक्षार्थी नाव सांगायला तयार नाही," ते म्हणाले, आणि वही मिटली.

तुकोजी पुन्हा पहिला आला. जाताना मात्र त्याने थट्टा केली नाही, हळू आवाजात निरोप घेतला.

आत वेदवतीबाई डाळ निवडत होत्या. वेणुगोपाळराव शेजारी पाटावर बसले. बराच वेळ त्यांनी खडे वेचले.

"काय म्हणून केलेंस?"

"तुम्ही जेवलां नाही त्या दिवशीं," त्या म्हणाल्या. "मला पाहवलें नाही."

फुटबॉलमधलं त्यांना काही कळत नव्हतं. पहाटे चारला उठून, कोलम काढायच्या आधी, त्यांनी कोण जिंकलं ते शोधून, सदऱ्यांचे रंग पाहून ठेवले होते. वेणुगोपाळरावांना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त आनंद होत होता, आणि या वयात या दोहोंचं एकदम काय करायचं ते त्यांना समजेना. त्यांच्यासाठी आजवर कुणी कॉपी केली नव्हती.

पुढच्या फेरीपासून त्यांनी अंदाज संध्याकाळी, दिवा लावल्यावर पाठवायला सुरुवात केली. पंचांगाला त्यात हरकत नव्हती, मंगळवार तेव्हाही मंगळवारच होता. चारांपैकी एक बरोबर आला. तीन चुका त्यांनी रीतसर वहीत चढवल्या, आणि रात्री पोटभर जेवले. वेदवतीबाई समोर बसून शेवटच्या घासापर्यंत पाहत होत्या.